हरिबा आणि चिमूटभर पिवळे स्फटिक

आमच्या सांगलीच्या कॉलेजात केमिस्ट्रीचे विद्वान नऊ, त्यात मीही आलो. पण काचेच्या भांड्यात हवेचा कण शिरू न देणं एकालाच जमायचं, शिपाई हरिबाला. गाव आष्टा, पंधरा वर्षं पलटणीत, शिक्षण सातवी. म्हणजे आमच्या लेखी शून्य!

१९९६ साली चारुशीला आमच्याकडे पीएच.डी. करत होती. पोटॅशियमच्या अणूभोवती फॉस्फरसचे धिप्पाड रेणू पैलवानांसारखे उभे करायचे आणि त्यांची रचना शोधायची, हा तिचा विषय. तीन वर्षांनी एकदाचे पिवळे स्फटिक मिळाले, तेही चिमूटभर. हवा लागली की खलास. रचना कळणार बंगलोरच्या यंत्रावर. परवाचं गाडीचं तिकीट काढून ठेवलेलं.

तेवढ्यात प्राचार्यांना प्रदर्शनाचा झटका आला. उद्घाटक कोण, तर साखर कारखान्याचे चेअरमन नानासो. "ते स्फटिक हातात घेऊन बघणार. झाकण काढायचं," प्राचार्यांनी फर्मावलं. मी हवेचं सांगून बघितलं.

"हवेनं काय होतंय हो? आपण नाही का राहत हवेत?"

घ्या! आणि हे गृहस्थ केमिस्ट्रीचे डॉक्टर.

चारुशीला प्रयोगशाळेत रडत बसली. "रडताय कशाला ताई? मी हाय न्हवं!" म्हणत हरिबानं सायकल काढली आणि बाजार गाठला.

दुसऱ्या दिवशी टाळ्यांच्या गजरात नानासोंनी झाकण काढलं, पिवळा खडा उजेडात धरला. "आपल्या मातीत असलं संशोधन! ऊर भरून आला!" सगळा जन्म साखरेत गेलेला माणूस, आणि हळद लावलेली खडीसाखर काही ओळखू येईना.

"तेवढं तोंडात घालू नगा सायेब," हरिबा अदबीनं म्हणाला. खरे स्फटिक कपाटात सुखरूप होते.

ते भांडं प्राचार्यांनी कौतुकानं केबिनमध्ये मांडलं. आठवड्याभरात मुंग्या लागल्या. चारुशीला तोवर बंगलोरला पोचून रचना मिळवून बसली होती. हरिबाला मिळाला मेमो, 'शास्त्राची फसवणूक' केल्याबद्दल, आणि वर फाटकावर बदली. आम्ही सगळे विद्वान गप्प राहिलो. मीसुद्धा.

दोन वर्षांनी चारुशीला डॉक्टर झाली. आम्ही पेढ्यांची वाट बघत बसलेलो. ती मात्र एक पुडी घेऊन आधी फाटकावर गेली, हरिबाच्या पाया पडली, त्याच्या हातावर खडीसाखर ठेवली. मग वर येऊन तीच पुडी तिनं प्राचार्यांपुढे धरली.

"घ्या ना सर. हिला हवेनं काही होत नाही."

त्यांनी मुकाट्यानं एक खडा उचलला. एक माझ्याही हातावर आला. मला तो खाववेना.