बक्षिसाचं चित्र

चित्रकलेच्या बाईंना मुलं पाठीमागे ‘पुसूनका बाई’ म्हणत. हे नाव त्यांनी स्वतःच्या तोंडानंच कमावलं होतं. तास सुरू झाला की बाकांच्या रांगांमधून फिरताना त्यांचं एकच पालुपद चालायचं, “पुसू नका रे, पुसू नका! चुकली रेघ तर चुकू दे, तिच्या शेजारी दुसरी मारा.” मुलं माना डोलवायची आणि बाईंची पाठ वळली की कागदाला भोक पडेपर्यंत खोडरबर घासायची.

पण खोडरबर तसा परवडला. बाईंचं खरं हाडवैर होतं एका चित्राशी. दोन डोंगर, त्यांच्या मधून डोकावणारा अर्धा सूर्य, खाली वळत येणारी नदी, काठावर झोपडी आणि आकाशात मराठी चारचा आकडा आडवा पाडावा तसे पक्षी. गावात उंच म्हणण्यासारखी एक पाण्याची टाकी तेवढी होती. डोंगर कुठल्याच मुलानं जन्मात पाहिला नव्हता. तरी “काहीही काढा” म्हटलं की वर्गातून डोंगरांच्या जोड्याच्या जोड्या उगवायच्या. घरी बाई नवऱ्याला म्हणायच्या, “अहो, यांच्या आईबापांनीच यांना दुधातून पाजलेत ते डोंगर!”

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायचा. तो शांतपणे म्हणायचा, “तू दरवर्षी भिंतीवर डोकं आपटतेस आणि वर भिंतीलाच विचारतेस, लागलं का गं?”

भिंत म्हणजे प्राथमिक शाळांची चित्रस्पर्धा. चित्रं शाळेत काढून पाठवायची असा नियम होता, पण तो नियमापुरताच. कुणाची चित्रं मामा काढायचा, कुणाची शिकवणीचे सर. कोपऱ्यात तेवढं मुलाचं नाव मुलाच्या वाकड्या अक्षरात. बाईंच्या शाळेची चित्रं मात्र मुलांनीच काढलेली असायची, म्हणून ती नेमानं पडायची. मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटावर फिरत्या ढालीसाठी मोकळी ठेवलेली जागा होती. तिथं आता सरांचा डबा असायचा.

“बाई, नुसता थोडा हात फिरवा ना चित्रांवर,” सर दरवर्षी अजिजीनं म्हणायचे.

“हात फिरवायला मी काय इस्त्रीवाली आहे, सर?”

“तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही,” असं म्हणून सर डबा उघडायचे.

त्या वर्षी स्पर्धेचा विषय होता ‘माझी आई’. तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. नाकावर तीळ होता, म्हणून सगळे तिला ठिपकी म्हणत. तिची आई घरीच शिवणकाम करायची. ठिपकीनं संपूर्ण कागदभर शिवणयंत्र काढलं, तेही खालून बघितल्यासारखं. पुढे पायटा, पायट्यावर दोन भलेमोठे पाय, दहाच्या दहा बोटं, टाचांच्या भेगा, वर टेबलाची उलटी फळी, फळीच्या कडेवरून लोंबणारे दोरे. आणि त्याच्याही वर, कागद संपता संपता, आईची हनुवटी.

“तू कुठं बसली होतीस गं हे बघताना?” बाईंनी विचारलं.

“खालीच. मी खालीच बसते. चिंध्या तिथंच पडतात ना.”

बाईंना त्या दिवशी जेवण गोड लागलं. इतक्या वर्षांत एका पोरानं तरी डोळे उघडून बघितलं होतं. चित्र त्यांनी स्वतःच्या हातानं, पुठ्ठ्यात घालून पाठवलं.

महिन्याभरानं ते परत आलं. पुठ्ठा गायब, चित्राची घडी घातलेली, आणि मागे लाल शाईत शेरा: ‘आईचा चेहरा दिसत नाही. विषय समजलेला नाही.’ पहिलं बक्षीस मिळालेलं चित्र सभागृहात लावलं होतं. बाई मुद्दाम बघून आल्या. गोल चेहऱ्याची आई, मांडीवर बाळ, पापणीचा केस न् केस वेगळा, गालावर खिडकीतला उजेड. खाली दुसरीतल्या मुलाचं नाव. बाईंनी डोक्याला हात लावला. असा उजेड काढायला त्यांना स्वतःला कला शाळेतली दोन वर्षं गेली होती.

एवढ्यावर थांबतं तरी चाललं असतं. दोन दिवसांनी ठिपकीची आई चित्र हातात घेऊन वर्गाच्या दारात उभी राहिली.

“बाई, हे तुम्ही बाहेर पाठवलंत? लोकांना दाखवलंत?”

“अहो, किती सुंदर काढलंय तिनं! मी तर...”

“सुंदर? टाचा बघा माझ्या! भेगा न् भेगा काढल्यात कार्टीनं. चार लोक काय म्हणतील, ही बाई पायसुद्धा धूत नाही?”

“पण तिनं बघून काढलंय हो. तिला जे दिसतं ते...”

“बघायला मला तोंड नव्हतं का?”

ठिपकीच्या आईचे डोळे भरून आले होते, आणि रागाचे की लाजेचे ते कळत नव्हतं.

“दुसऱ्या शाळेतल्या बाई मुलांना मदत करतात,” ती आवाज खाली आणून म्हणाली. “तुम्ही मनावर घेतलं असतं तर माझ्या पोरीला बक्षीस मिळालं असतं. तुमची तत्त्वं तुमच्यापाशी ठेवा, बाई. आमच्या लेकरांना कशाला त्यात ओढता?”

ती गेली. बाई हातातला खडू मोडत उभ्या राहिल्या. सर बोलले असते तर त्यांनी दोन शब्द सुनावले असते. पण ज्या पोरीसाठी भांडायचं, तिचीच आई अंगावर आली तर करायचं काय?

बाईंनी मग हट्टालाच पेटायचं ठरवलं. पुढच्या वर्षी स्पर्धेच्या आधी सगळ्या शाळांच्या शिक्षकांची बैठक होती, तिथं त्या उभ्या राहिल्या. “मुलांना एका सभागृहात बसवा. विषय तिथल्या तिथं फळ्यावर लिहा. समोर बसून काढू दे.”

“म्हणजे आमच्यावर विश्वास नाही?” एका शाळेचे सर हसत म्हणाले.

“नाही,” बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी घसा खाकरला. “सूचना चांगली आहे,” ते म्हणाले. “चित्रांचे गठ्ठे ठेवायला जागाच उरत नाही हल्ली. जागच्या जागी उरकेल.” आणि गठ्ठ्यांच्या कृपेनं ठराव मंजूर झाला. बाई तरंगतच घरी आल्या.

त्यानंतर त्यांनी वर्गात नुसतं बघणं शिकवलं. मुलांना मागच्या अंगणात नेलं, गळका नळ काढायला लावला, सायकलींचा अड्डा काढायला लावला, भिंतीवरून उतरलेला ओलाव्याचा डाग काढायला लावला. ठिपकीनं चाकाच्या आऱ्यांमधून दिसणारं शाळेचं फाटक काढलं. बाई मनात म्हणाल्या, आता या की मैदानात.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह मुलांनी गच्च भरलं. शिक्षकांनी आपल्या मुलांजवळ जायचं नाही, म्हणून बाईंना दारावर उभं केलेलं. फळ्यावर विषय लिहिला गेला: ‘माझा परिसर’. बाईंना टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. अगदी मनातलाच विषय! खिडक्यांच्या गजांना आईबाप लोंबकळत होते. “निळा आधी! वरून खाली!” “पट्टी घे, पट्टी!” कुणीतरी तर खिडकीतून ओला कुंचलाच आत फेकला. बाई दारावरून हाकलत होत्या आणि ते दुसऱ्या खिडकीशी जात होते.

वेळ संपल्यावर बाई रांगांमधून निघाल्या. पहिला कागद, दोन डोंगर. दुसरा, दोन डोंगर. एका पोरानं तीन काढले होते, जागा उरली म्हणून. बाई चालायच्या थांबल्या नाहीत, त्यांना आपल्या रांगेपर्यंत पोचायचं होतं. तिथं पोचल्या. नळ काढणाऱ्या पोराचे डोंगर. ओलाव्याचा डाग काढणारीचे डोंगर. आणि ठिपकीपुढे, पट्टीनं आखलेले, कडेच्या बाहेर रंगाचा थेंब न गेलेले, सुबक, मेलेले दोन डोंगर.

“ठिपके, हा कुठला परिसर गं?”

“स्पर्धेचा.”

“तुझ्या घरासमोर डोंगर आहे?”

“नाही. आईनं शिकवणीला घातलंय ना मला. तिथले सर म्हणाले, विषय कुठलाही येऊ दे, हेच काढायचं. फक्त ‘माझी शाळा’ आलं तर झोपडीवर झेंडा लावायचा.”

“आणि आपण अंगणात बसून काढलं ते सगळं?”

ठिपकीनं त्यांच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. “ते शाळेतलं होतं, बाई.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरून आणलेली चित्रं बंद झाली आणि घरातला मामा, शिकवणीचे सर, सगळे पोरांच्या डोक्यात शिरून सभागृहात येऊन बसले. निदान आधी मुलांचा हात तरी मोकळा होता!

निकाल लागला. ठिपकीला तिसरं बक्षीस मिळालं, आणि एकाच शाळेची सगळ्यात जास्त ‘नीटनेटकी’ चित्रं म्हणून फिरती ढाल बाईंच्या शाळेला. सरांनी कपाटावरचा डबा स्वतः हलवला.

“बाई, तुमच्या कष्टाचं चीज झालं!”

“सर, यातलं एकही चित्र मी शिकवलेलं नाही.”

“मग तर कौतुक दुप्पट! न शिकवता ढाल आणलीत!”

फोटोसाठी बाईंना ढाल धरून मध्ये उभं केलं. ठिपकीची आई हातातलं काम टाकून आली होती. केस नीट विंचरलेले, नवे बूट घातलेले. तिनं बाईंचे दोन्ही हात धरले. “मागच्या वेळी मी तोंडाला येईल ते बोलले, बाई. पोटात ठेवा. तुमच्यामुळे झालं हे.”

खरं काय ते बाईंच्या जिभेच्या टोकाशी आलं होतं. पण त्या बाईचा चेहरा इतका उजळला होता, की शब्द तसेच गिळावे लागले. “तिचा हात चांगला आहे,” एवढंच त्या म्हणाल्या. फोटोवाला म्हणाला, “बाई, जरा हसा की, ढाल जिंकलीय, उसनी नाही आणली!” सगळे हसले. फोटोत बाई दात दुखत असल्यासारख्या दिसतात.

घरी नवऱ्यानं विचारलं, “आता तर जिंकलीस, मग तोंड असं का?”

“जिंकले म्हणूनच,” बाई म्हणाल्या आणि भांडी नको तेवढी आपटत घासत बसल्या.

सोमवारी चौथीवर तास होता. बाईंनी आपली हातपिशवी टेबलावर ठेवली, तिचं तोंड उघडं, एक बंद बाहेर लोंबणारा. “हे काढा,” त्या म्हणाल्या. आज पालुपद म्हणायचंही जिवावर आलं होतं.

ठिपकीनं हात वर केला. “बाई, हे बक्षिसाचं की साधं?”

सगळा वर्ग पेन्सिली हातात धरून थांबला. बाईंना एकदम चढलेला राग कुणावर काढावा तेच कळेना. पोरीनं तर सरळ विचारलं होतं, आणि प्रश्नही रास्तच होता.

“साधं,” बाई म्हणाल्या.

“मग बरंय,” असं म्हणत ठिपकीनं पट्टी दप्तरात टाकली आणि कागदावर ओणवी झाली. इतर मुलांनीही पट्ट्या ठेवून दिल्या. बाई खुर्चीत बसून राहिल्या. त्या तासाला त्या कुणाच्याच बाकाजवळ गेल्या नाहीत.