बर्फाचा नारळ

इंजिनिअरिंग संपलं, नोकरी लागली आणि मग कंपनीने कळवलं की रुजू होण्याची तारीख पुढे गेली आहे. किती पुढे, ते नाही सांगितलं. नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी त्या महिन्यांत नुसत्या फेऱ्या मारत होते. बाल्कनीतून बेडरूम, बेडरूममधून फ्रिज. फ्रिज उघडायचा, बघायचं, बंद करायचा. आई म्हणायची, "बस की गं एका जागी. तुझ्याकडे बघून मला दम लागतो."

एका जागी मी बसायचे ती फक्त गेमसमोर. तिथेही टेबलाखाली पाय हलतच असायचा.

त्या गेममध्ये तुम्हाला अवकाशात एका उजाड ग्रहावर सोडून देतात. हवा नाही, पाणी नाही. दगड खणायचे, त्यातून लोखंड गाळायचं, पत्रे करायचे आणि एकेक ठोकळा जोडत आधी तळ उभारायचा, मग जहाज. जहाज असलं की दुसऱ्यांच्या तळांवर हल्ले करता येतात, त्यांचा माल आणता येतो. दुसरे म्हणजे खरीच माणसं, आपापल्या घरी बसून खेळणारी.

आमच्या गटात आम्ही तिघं होतो. एक करंजा बंदरातला, म्हणून करंज्याचा. त्याच्या काकांच्या मासेमारीच्या बोटी होत्या आणि तो स्वतः न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात कामाला होता. दुसरा बँकेत नोकरी करायचा आणि खेळताना सतत काहीतरी खात असायचा. मी तिसरी. ते दोघं हेडफोन लावून बोलायचे, मी फक्त ऐकायचे. उत्तर द्यायचं झालं तर खाली चॅटमध्ये इंग्रजीत दोन शब्द टाइप करायचे. जहाजं मी बांधायचे, म्हणून ते मला मिस्त्री म्हणायचे.

"मिस्त्री, माइक हाय का नाय तुज्याकडं?" करंज्याचा सुरुवातीला विचारायचा.

"मुका असेल रे," बँकवाला म्हणायचा. "मुके लोक कामाला चांगले असतात. माझ्या ब्रँचला दे दोन."

मी "busy" असं टाइप करायचे. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. मी पुरुष आहे असं त्यांनी धरून चाललं होतं. मी ते खोडलं नाही.

मला बोलायचं नव्हतं, त्याचं एक कारण माझं मराठी होतं. मी इंग्रजी शाळेत शिकले. लग्नकार्यात एखादी आत्या हमखास विचारते, "एकोणसाठ म्हणजे किती गं?" आणि मी मनात आकडे जुळवेपर्यंत सगळ्या हसून मोकळ्या होतात. पण मुख्य कारण ते नव्हतं. मिस्त्री या माणसाबद्दल त्या दोघांना फक्त त्याचं काम माहीत होतं. काम चुकलं की ते शिव्या द्यायचे, जमलं की "कडक" म्हणून पुढे जायचे. माझ्या आयुष्यात दुसरीकडे कुठेच मला असं कुणी वागवत नव्हतं. तोंड उघडलं की ते जाईल, याची मला खात्री होती.

मग त्यांनी पुण्याच्या एका गटावर हल्ला करायचं ठरवलं. त्या लोकांचा तळ एका लघुग्रहाच्या पोटात होता, चहूबाजूंना तोफा. वेळ बँकवाल्याने सुचवली. "रविवारी दुपारी. मटण-भात झाला की सगळे आडवे. पुण्याचा माणूस दुपारी तिसऱ्या महायुद्धालाही उठणार नाही."

मी त्यासाठी जे जहाज बांधलं ते तोवरचं माझं सगळ्यात चांगलं काम होतं. लांबट, काळं, एकही दिवा नसलेलं. विचार असा होता की लांबूनच वेग घ्यायचा, मग इंजिनं बंद करायची आणि नुसतं तरंगत त्यांच्या तळापर्यंत जायचं. अवकाशात वेग कमी होत नाही. आवाज नाही, ज्वाळा नाहीत, समोरच्याला कळायचं काही कारणच नाही. कुठला ठोकळा किती वीज खातो हे मला तोंडपाठ होतं.

निघायच्या आधी करंज्याचा अडून बसला.

"याला नाव काय?"

मी टाइप केलं, "no name."

"असं नाय चालत. बोटीला नाव नाय तर ती बोट नाय, लाकूड हाय. माझा काका बिननावाची बोट धक्क्यावरून हलू देत नाय."

"हे काय करंजा बंदर आहे का?" बँकवाला म्हणाला.

"तू खा रे."

त्याने जहाजाच्या नाकावर स्वतःच्या हाताने एक अँटेना बसवली आणि तिच्यावर आपल्या आईचं नाव लिहिलं. त्या गेममध्ये जहाजाचं नाव दाखवायचं तर अँटेना लागते. ती चालू असली की तिच्या टप्प्यात येणाऱ्या प्रत्येकाच्या पडद्यावर ते नाव झळकतं. मग त्याने नारळ शोधला. गेममध्ये नारळ नाही. शेवटी साठ्यातला बर्फाचा एक तुकडा आणला आणि जहाजाच्या नाकावर फेकला. तो आपटून दूर निघून गेला.

"फुटला नाय," तो जरा खट्टू होऊन म्हणाला.

"आतून कोरडा असेल," बँकवाला म्हणाला.

मी इकडे खोलीत एकटीच हसले. आणि आम्ही निघालो.

तो जहाज चालवत होता, बँकवाला तोफेवर, मी आत दुरुस्तीला. वेग घेऊन झाला, इंजिनं बंद झाली, मग नुसतं तरंगणं. बाहेर काळोख, काही हलत नव्हतं. मला ते सहन होईना. मी जहाजात इकडून तिकडे फिरू लागले, घरात फिरायचे तशीच. काहीतरी करायचं म्हणून विजेचा खप उघडून बघितला. तो असायला हवा त्यापेक्षा बराच जास्त होता. इंजिनं बंद, दिवे नाहीत, मग वीज जातेय कुठे?

अँटेना चालूच होती. करंज्याच्याने टप्पा शेवटच्या काट्यापर्यंत ओढून ठेवला होता. अर्ध्या नकाशावरच्या प्रत्येकाला आम्ही दिसत होतो, नावासकट.

मी बटण दाबलं. लागेना. ज्याने ठोकळा बसवला, मालकी त्याची. मी चॅटमध्ये लिहिलं, "antenna on." मग परत, मोठ्या अक्षरांत. त्या वेळी करंज्याचा त्याच्या काकांनी एकदा चुकून दुसऱ्याचंच जाळं कसं ओढलं ते सांगत होता आणि बँकवाला कुरकुर आवाज करत काहीतरी चावत होता. चॅटकडे कुणीच बघत नव्हतं.

कटर घेऊन बाहेर जायचं, नाकापर्यंत चढायचं आणि ती अँटेना कापून टाकायची, असं माझ्या डोक्यात आलं. तरंगत्या जहाजाबाहेर पाऊल टाकलं आणि हात सुटला तर आपण जहाजापासून दूर तरंगत जातो. तरी मी खरंच दरवाजापर्यंत गेले. बोलण्यापेक्षा मला ते सोपं वाटत होतं.

दरवाजाच्या काचेतून लघुग्रह दिसत होता. त्याच्या पोटात एक दिवा लागला. मग शेजारी दुसरा.

मी माइकचं बटण दाबलं.

"अँटेना बंद कर," मी म्हणाले. "ते जागे आहेत."

जाळ्याची गोष्ट मध्येच थांबली.

"कोन बोललं?" करंज्याचा म्हणाला.

"मी. मिस्त्री. आधी बंद कर ना."

त्याने बंद केली, पण तोवर पहिला गोळा आला होता. जहाजाचं नाक अँटेनेसकट उडून गेलं. मग मला थांबायला वेळच नव्हता. डावीकडे वळ, म्हणाले. हायड्रोजन गळतोय, टाकी तोडून टाकते, हादरा बसेल. आता वर. अंतर ट्वेल्व्ह हंड्रेड, अजून लांब हो. मराठी, इंग्रजी, जे तोंडात येईल ते. मी ओरडत असणार, कारण मागे दार उघडलं आणि आईने आत डोकं घातलं.

"कुणाशी भांडतेयस?"

"काही नाही, आई."

हे हेडफोनमध्येही गेलं.

आम्ही निसटलो. अर्धं जहाज गेलं, माल काहीच मिळाला नाही. आम्ही आमच्या तळाजवळ पोचलो. मग करंज्याच्याने विचारलं, अगदी हळू, "ताई, तुमी कुठल्या?"

"नवीन पनवेल," मी म्हणाले.

"अच्छा, अच्छा," बँकवाला म्हणाला. त्याचं चावणं बंद झालं होतं.

त्यानंतर मला ज्याची भीती होती नेमकं तेच झालं, आणि कुणाच्या वाईटपणामुळे नाही. ते दोघं चांगले वागायला लागले. शिवी अर्धी तोंडात आली की गिळायचे. मी दाखवेन ते जहाज "मस्तच, ताई" असायचं, मग ते कसंही असो. हल्ला असला की करंज्याचा म्हणायचा, "तुमी तळावर थांबा, इथंबी कुणीतरी पायजे." मी तळावर थांबायचे. भट्टी बघायची, पत्रे मोजायचे, परत भट्टी. खुर्चीतून उठून बाल्कनीत जायचं. समोरच्या रस्त्याने ट्रेलर जात असायचे. परत यायचं. एकदा मी मुद्दाम वाकडा पंख बसवला. दोघंही त्याला मस्तच म्हणाले. त्या दिवशी मी कॉम्प्युटर बंद करून टाकला आणि चार दिवस लावला नाही.

पाचव्या दिवशी लावला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. त्यांनी स्वतःच एक मालवाहू जहाज जोडायला घेतलं होतं. सांगाडा माझा जुना, बाकी त्यांचं. इंजिनं चालू करताच मागचा भाग पेटला. आठवड्याभराचं लोखंड आगीत गेलं. करंज्याच्याचा तोल सुटला.

"काय शेण खाल्लंस मिस्त्री," तो ओरडला. "हा सांगाडा हाय का चाळन?"

बँकवाल्याने श्वास घेतलेला मला ऐकू आला. करंज्याचा अडखळत म्हणाला, "म्हंजे, ताई, माजं म्हननं असं होतं..."

"सांगाड्याला काही झालेलं नाही," मी म्हणाले. "इंजिनाच्या ज्वाळेसमोर मालाच्या पेट्या कुणी लावल्या?"

मी जळत्या पेट्यांपाशी गेले.

"ज्वाळा समोर असेल ते जाळते. हे पहिल्या दिवशी शिकवतात. शेण कुणी खाल्लं ते सांग आता."

बँकवाला खोकल्यासारखा हसला. "सांग की रे."

"मी लावल्या," करंज्याचा म्हणाला. "जागा नव्हती दुसरी."

"जागा आहे. डोकं नाही. कटर घे आणि ये इकडे. आणि संध्याकाळच्या हल्ल्याला दुरुस्तीला मी येतेय."

"तळावर कोन थांबल मग?"

"बँकवाला. त्याला नाहीतरी खायचंच असतं."

"ए, मी काय केलं?" बँकवाला म्हणाला.

मग करंज्याच्याचा कटर चालू झाल्याचा घरघराट आला. "कुठली पेटी आधी काडू, बोल लवकर," तो म्हणाला. "अजून जळतेय ती."

मी खुर्ची पुढे ओढली.