राणीची जागा

उत्तरेत, ओरछा गेट मोहल्ल्यातल्या आमच्या मराठी घरात खाली दोन म्हाताऱ्या बहिणी भाड्याने राहायच्या. एके काळी नौटंकीत थोरली राणी व्हायची आणि धाकटी राजा. त्यांचं नाव ऐकून समथरकडून लोक बैलगाड्या जुंपून यायचे, असं सासरे सांगत. मी पाहिल्या त्या गुडघे चोळत बसलेल्या. पण दुपारी दोघी सवाल-जवाब गायच्या आणि मी वर तांदूळ निवडत ऐकायची.

एका थंडीत थोरली गेली. खालचं गाणं बंद झालं. मी भाजी घेऊन गेले की धाकट्या बाईजी म्हणायच्या, "बहू, मुझे तो आधा ही आता है. सवाल मेरा, जवाब उसका."

पुढे माझ्या मुलीचं बारसं झालं. पाळणे म्हणून झाल्यावर मी घुगऱ्या वाटायला घेतल्या, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "बाईजी, कुछ हो जाए!"

"आता बारशात नौटंकी!" सासूबाई पुटपुटल्या.

मला वाटलं, बाईजी नको म्हणतील. पण त्या भिंतीला धरून उठल्या, पदर खोचला, आणि असा आवाज लावला की पाळण्यातली पोर दचकून रडायला लागली. सगळे हसले. त्याही हसल्या. "हमारे ज़माने में माइक कहाँ था, भैया!"

त्यांनी राजाचा सवाल पुरा केला. नौटंकीत लोक तिन्ही बाजूंना बसलेले असतात, म्हणून एकाचं गाऊन झालं की दोघं जागा बदलतात. सवयीने बाईजी पलीकडे गेल्या, वळल्या, जवाबासाठी हात पुढे केला. समोर नुसती सतरंजी होती. हात तसाच राहिला. संपलं असं वाटून कुणी टाळ्या वाजवल्या. बाईजी सतरंजीकडे बघत उभ्या.

मला चारचौघांत उखाणासुद्धा धड घेता येत नाही. पण जवाब मला पाठ होता. घुगऱ्यांचं ताट हातात घेऊनच मी त्या सतरंजीवर जाऊन उभी राहिले आणि खाली बघत म्हटला.

बाईजींनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "ज़ोर से, बहू. पीछेवालों ने भी टिकट लिया है."

मागे सासूबाईच होत्या. त्या पुढे आल्या आणि माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. "म्हण नीट," म्हणाल्या.

मी म्हटला. जागा बदलायची मात्र विसरले. बाईजींनी दंडाला धरून मला पलीकडे नेलं आणि पुढचा सवाल सुरू केला.