पथकाची जर्सी, वांग्याचं पोतं

जानेफळच्या बाहेर, मेहकरच्या रस्त्याला जिथे चढ सुरू होतो, तिथे माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे बाभळीखाली चार टिनपत्रे, एक पंप आणि पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं. जागा मी विचार करून धरली होती. चढाला लागायच्या आधी माणसाला आपल्या सायकलची आठवण होते. कुणी हवा भरून घेतो, कुणी चेनला तेल घालून घेतो, आणि कुणी नुसताच दम खात बसतो. तुळशीराम या शेवटच्या प्रकारातला.

तुळशीराम भाजीवाला. विहिरीवरच्या तुकड्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचा आणि सगळं सायकलवर लादून मेहकरला न्यायचा. सायकल काळी, जड. मागे वांग्याचं पोतं, हँडलला दोन्हीकडे पिशव्या. चालवायचा इतका सावकाश की पाहणाऱ्याचाच तोल जावा. आणि चढ आला की उतरून पायी. मला याचा भयंकर राग यायचा.

"सायकल मानसाले वाहून न्यासाठी असते बे," मी म्हणायचो, "तू काय तिले फिरवून आनतं काय?"

"तिच्यावर पोतं हाये, निवृत्तीभाऊ," तो म्हणायचा. "अजून माहं वजन कायले टाकू?"

लोखंडाची दया येणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. आणखी एक खोड त्याला होती. रस्त्यात कुणाचं काही पडलेलं दिसलं की उचलायचा आणि माझ्याकडे आणून द्यायचा. "कोनाचं असन तर देजा." एक विळा, एक मोडकी छत्री, एका पायाची चप्पल, असा ढीग माझ्या दुकानात साठला होता. छत्री हातात धरून भिजेल, पण ती उघडणार नाही, कारण ती दुसऱ्याची. असा माणूस एका स्वेटरपायी वर्षभर चोरासारखा हिंडला, त्याची ही गोष्ट.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. त्या सव्वीस जानेवारीला अकोल्याकडून एक सायकल शर्यत आमच्या रस्त्याने गेली. लाल-पिवळ्या कपड्यांतली पोरं खाली माना घालून सुसाट येत होती. चढाच्या पायथ्याशी गिट्टी सुटलेली होती. तिथे एक जण घसरला आणि थेट तुळशीरामच्या कुंपणात गेला. बाकीचे थांबले नाहीत. शर्यतीत थांबत नसतात म्हणे. मी आणि तुळशीरामने त्याला उचलून मळ्यातल्या झोपडीत आणलं. कोपर सोललेलं, अंगातली लाल जर्सी फाटलेली, रक्ताने भिजलेली. थंडीने की भीतीने, पण तो थरथरत होता.

तुळशीरामची बायको कोकिळा. तिने पाणी तापवलं, हळद भरली आणि पेटीतून नवी पैरण काढली. भावाच्या लग्नात नवऱ्याने घालावी म्हणून तिने ती शिवून घेतली होती. आता आमच्याकडे कोरा कपडा कुणाला नुसता हातात देत नाहीत. कोकिळाने त्या पोराच्या कपाळाला कुंकू लावलं, मग पैरण दिली. त्याने जर्सी काढून बाजेवर ठेवली, पैरण घातली आणि तिच्या पायांना हात लावला. नाव विचारलं तर म्हणाला, हिंमतराव. नागपूरच्या एका गिरणीच्या पथकातला. तेवढ्यात रस्त्यावर पथकाच्या जीपने हॉर्न वाजवला आणि तो लंगडत गेला. जर्सी बाजेवरच.

"देऊन गेला," कोकिळा म्हणाली.

"राहून गेली," तुळशीराम म्हणाला.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच होतो खरा, पण त्या वेळी बाहेर टेकवलेल्या त्याच्या सायकलीकडे पाहत होतो. इतकं हलकं चाक मी आयुष्यात हाती धरलं नव्हतं. त्यामुळे त्याने जर्सी कशी ठेवली, दिल्यासारखी की काढल्यासारखी, हे मला आजही सांगता येत नाही.

कोकिळाला मात्र शंका नव्हती. तिने कुंकू लावून कपडा दिला, म्हणजे आहेर केला. आहेर घेणाऱ्याने उलट आहेर करायचा असतो, तो त्याने केला. आणि आहेराचा कपडा घडी करून ठेवला तर देणाऱ्याचा अपमान. तिने जर्सी धुतली, कोपर हिरव्या दोऱ्याने रफू केलं आणि नवऱ्याच्या अंगात घातली.

तुळशीराम त्या लाल जर्सीत पहिल्यांदा दुकानासमोरून गेला तेव्हा माझ्या हातातला पाना घमेल्यात पडला. छातीवर पिवळा पट्टा, पट्ट्यावर गिरणीचं नाव, खाली धोतर. जर्सीला पाठीवर तीन खिसे होते. एकात चुन्याची डबी आणि उरलेल्या दोन्हींत गिऱ्हाइकांना वरून द्यायच्या हिरव्या मिरच्या. लोकर जाड होती. उन्हाळ्यात त्याच्या अंगाचं पाणी पाणी व्हायचं, पण कोकिळासमोर काढायची सोय नव्हती.

पुढे वाद पेटला तो माझ्याच दुकानात. पंजाबराव आमच्या गावचे मोठे बागायतदार, पेपर वाचणारे. हवा भरायला त्यांच्याकडे सायकल नव्हती, तरी बसायला ते रोज यायचे. ते म्हणाले, "पथकाचा कपडा पथकानं घालावा. उद्या मी फौजदाराचा डगला घालून हिंडलो तर चालन काय?"

मला पटलं. मी म्हणालो, "बराबर हाये."

मग ते म्हणाले, "याची सायकल तरी सायकल म्हनाची काय? म्हशीले चाकं लावले."

ती सायकल मीच जोडून दिली होती. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "काऊन? सायकलवाल्यानं सायकलचा कपडा घातला तर काय बिघडलं? तो काय नांगर हाकून राह्यला? शर्यतवाले वर्षातून एकदा येतात, हा रोज मेहकर गाठते. कपड्याचा हक कोनाचा मंग?"

बोलून गेलो आणि मलाच कळेना की मी कुणाच्या बाजूचा. दुसऱ्या दिवशी तुळशीरामला पाहिलं की वाटायचं, शोभत नाही. पंजाबरावांना पाहिलं की वाटायचं, का शोभू नये?

पण पंजाबराव शेवटी जे बोलले ते वेगळंच होतं. "आन दिला कोनं? मानूस बेसुध पडला असन आन यानं अंगावरचा उतरवून घेतला, असं कोनी म्हनलं तर?"

तुळशीराम समोरच दम खात बसला होता. तो भांडला नाही. उठला, जर्सी काढली, घडी केली, वांग्याच्या पोत्यावर ठेवली आणि नुसत्या बनियनवर चढ चढून गेला. वर गेल्यावर, मी खालून पाहत होतो, त्याने ती पुन्हा घातली.

मग हे रोजचंच झालं. पायथ्याशी काढायची, माथ्यावर घालायची. मी कारण विचारलं. "चढावर मी पायी चालतो, भाऊ. हे घालून पायी चाललो तर त्या लोकाईची इज्जत जाते. आन घातली नाही तर थे घरी नाराज होते." थोडं थांबून म्हणाला, "राह्यली असन तर मी चोर झालो. देली असन तर कोनी काई म्हनो. येवढंच कोनी सांगावं मले." एसटीच्या कंडक्टरबरोबर त्याने नागपूरला दोनदा निरोप धाडला. निरोप गिरणीपर्यंत पोचला की बसस्थानकावरच विरला, देव जाणे.

वर्ष फिरलं. शर्यत पुन्हा आमच्या रस्त्याने येणार अशी बातमी आली, आणि तुळशीराम सकाळीच माझ्याकडे. "घालून उभा राहू का हातात घेऊन?" दिलेली असेल तर देणारा येतो तेव्हा ती अंगावर पाहिजे. राहिलेली असेल तर अंगावर पाहिल्यावर तो काय म्हणेल? मी म्हणालो, हातात घे. लगेच म्हणालो, घाल. मग म्हणालो, तूच पाय बा काय ते.

त्याने जर्सी घातली आणि वरून पैरण घातली. गळ्यापाशी लाल पट्टी बाहेर दिसत होती. कोकिळा कुंकवाची वाटी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी. पंजाबराव खुर्ची आणवून बसलेले.

शर्यत आली. एक लाल घोळका, एक निळा, मागे पुन्हा लाल. सगळ्यांचे कपडे सारखे, सगळ्यांच्या माना खाली. तुळशीरामने हात अर्धा वर केला होता. तो तसाच राहिला आणि घोळका चढ चढून गेलाही. इतक्या जवळून गेले की वारा लागला, पण माणूस एकही ओळखता आला नाही.

"कोनता होता?" तुळशीरामने विचारलं.

"गेला तो," पंजाबराव म्हणाले. "वळूनसुधा पाह्यलं नाही."

"म्हंजे राह्यलीच होती," तुळशीराम म्हणाला आणि माझ्या दुकानाच्या दगडावर बसला. मला त्याची कीव आली आणि त्या सगळ्या लाल पोरांचा संताप आला. कोकिळा वाटीवर पदर धरून तशीच रस्त्याकडे पाहत राहिली.

गर्दी पांगली. पंजाबरावांची खुर्ची उचलायला गडी आला होता, इतक्यात रस्त्याने एक जण सायकल हाती धरून चालत आला. अंगात साधा पांढरा सदरा. मागच्या चाकात हवा नाही. माझ्याकडे न पाहताच त्याने सायकल उलटी केली. त्याने बाही वर सारली आणि कोकिळाला कोपरावरचा वण दिसला.

"हिंमतराव," ती म्हणाली.

त्याने वर पाहिलं. ओळखायला वेळ लागला. मग हात जोडले. "मावशी."

मी ट्यूब बाहेर काढून पाण्यात धरली. माझ्या कामाला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट मी लावला, हे कबूल. बोलण्यातून कळलं की त्या पडण्यानंतर गिरणीने त्याला पथकातून काढलं. यंदा तो आपला आपण शर्यतीत उतरला होता, साध्या सदऱ्यावर.

तुळशीराम उठून उभा राहिला. म्हणाला, "साहेब, थो स्वेटर. देला होता का राह्यला होता?"

हिंमतराव म्हणाला, "खरं सांगू? मलेच नाही माहीत. डोकं ठिकानावर नव्हतं. मावशीनं कुंकू लावलं तवा रडू येऊन राह्यलं होतं, येवढं याद आहे. बाजेवर काहून ठेवला, देवाले माहीत."

देणाऱ्यालाच ठाऊक नाही म्हटल्यावर पंजाबरावसुद्धा खुर्चीचा हात धरून उभेच राहिले. तुळशीरामने पैरण काढली आणि आतली जर्सी उतरवू लागला. "घ्या हो. मले आता हे ओझं सहन होत नाही."

हिंमतरावने त्याचा हात धरला. "मले देऊन काय करता? मी आता त्याईच्यातला नाही. मले घालाचा हक नाही."

"मंग मले कुठून असन?"

कोकिळाने विचारलं, "माही पैरण कुठी हाये?"

हिंमतराव ओशाळला. "माह्या बापाच्या अंगावर. गिरणीले सुट्टी असली का तेच घालते. मागून पाह्यली एकदा, देत नाही." मग जरा ठासून म्हणाला, "थे मी परत देत नाही, मावशी."

"मंग झालं," कोकिळा म्हणाली. नवऱ्याकडे वळली. "ऐकलं काय? त्याईचा त्याईच्या घरी, आपला आपल्या घरी. आहेर कोनी परत घेते काय?" आणि वाटीतलं कुंकू तिने हिंमतरावच्या कपाळाला लावलं.

तुळशीरामने डोळे पुसले. जर्सी अर्धी वर गेली होती, ती खाली ओढली. पंजाबरावांकडे पाहिलं. पंजाबराव गड्यावर ओरडले, "उचल ना बे खुर्ची."

चाक बसवून दिलं. कोकिळा मळ्यात परतली. हिंमतराव निघाला, तुळशीरामलाही बाजार गाठायचा होता. पायथ्याशी आल्यावर तुळशीरामचा हात सवयीने जर्सीकडे गेला.

"काढून काऊन राह्यले?" हिंमतराव म्हणाला.

"चढ हाये न. मी चढावर उतरतो. हे घालून पायी चाललं तर बरं दिसत नाही."

हिंमतरावने वरपर्यंत पाहिलं. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. माझ्याशिवाय कुणी नव्हतं. त्याने पाय टेकला आणि सायकलवरून उतरला.

"आमीबी उतरतो," तो म्हणाला. "कोनी पाहत नसलं का."

दोघं सायकली धरून चालत वर गेले, एक साध्या सदऱ्यात, एक लाल जर्सीत. खालून पाहणाऱ्याला शर्यतवाला कोण असं विचारलं असतं, तर त्याने बेधडक चुकीचं बोट दाखवलं असतं. त्या दिवसापासून तुळशीरामने चढावर जर्सी काढली नाही.