खाणीतले उंदीर

एनिड शॉफिल्ड सात वर्षांची असताना इंग्लंडमधल्या यॉर्कशर भागात त्यांच्या गावच्या कोळशाच्या खाणीला आग लागली. आत माणसं होती. मालकांनी दुपारपर्यंत वाट पाहिली आणि आग विझावी म्हणून खाणीचं तोंड बुजवून टाकलं. तिचे वडील आतच राहिले.

एनिड मोठी झाली, टायपिस्ट झाली. लग्न केलं नाही, आईला सांभाळलं. शनिवारी संध्याकाळी मायलेकी टीव्हीवर ‘तारावाट’ बघायच्या. अंतराळयान, परग्रह, रबरी राक्षस. आई मन लावून बघायची. चाळिशी उलटल्यावर एनिडनं त्या मालिकेसाठी एक गोष्ट लिहून पाठवली. परग्रहावरची खाण, आत अडकलेली माणसं आणि वर तोंड बुजवायला निघालेले मालक. लंडनहून होकार आला तेव्हा ती स्वयंपाकघरात एकटीच रडली.

भाग लागला त्या दिवशी शेजारचे क्लेगकाका सहकुटुंब आले. हॅम सँडविच झाली, चहा झाला. पडद्यावर एनिडचं नाव आलं तसा काकांनी टेबल बडवलं.

मग खाण दिसली. आत माणसं नव्हतीच. केसाळ मुखवटे घातलेले भलेमोठे उंदीर होते, चीं चीं करत दगड कुरतडणारे. एकाची शेपटी दारात अडकली.

“अगं एनिड, ह्यांना चीज तरी टाकायचंस!” काका खो खो हसले. त्यांच्या बायकोनं कोपरानं ढोसलं तेव्हा कुठे गप्प झाले.

शेवटी यानाच्या कप्तानानं उंदरांसकट खाण बुजवली आणि सगळ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं.

पाहुणे गेल्यावर आईनं टीव्ही बंद केला.

“तुझ्या बापाला उंदीर केलंस?”

“आई, मी असं नव्हतं गं लिहिलं. त्यांनी बदललं.”

“नाव तुझंच होतं की.”

त्यानंतर आई एनिडशी कामापुरतंच बोलली, आणि चार वर्षांनी गेली. एनिडनं पुन्हा काही लिहिलं नाही.

ती म्हातारी झाल्यावर मालिकेच्या चाहत्यांनी तिला लीड्स शहरात त्यांच्या मेळाव्याला बोलावलं. सर्वांत भिकार भाग म्हणून तिच्या भागाची निवड झाली होती, मोठ्या प्रेमानं. हे तिला तिथे गेल्यावर कळलं. सभागृहात निम्मे लोक उंदरांचे कान लावून बसले होते. तिच्या हातात माईक दिला.

“त्या खाणीत माझे वडील होते,” एनिड म्हणाली.

हशा पिकला. कुणीतरी चीं चीं केलं आणि मग सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं.