‘थांबा’ सांगणाऱ्या सुमनताई

जयेंद्रगंजात सुमनताई तारेंचा बालवर्ग एकतीस वर्षं चालू आहे. ग्वाल्हेरच्या त्या भागात मराठी घरांतलं असं मूल शोधून काढावं लागेल, ज्याचं नाक ताईंनी कधी पुसलेलं नाही. त्यामुळे मूल चालत नाही, जेवत नाही, बोलत नाही, अशी कुठलीही तक्रार डॉक्टरच्या आधी ताईंकडे यायची. बोलण्याच्या तक्रारीवर त्यांचं औषध ठरलेलं होतं. “घरी मराठी, दारी हिंदी. लेकरू गोंधळतं गं. थांबा जरा. आमचा शंतनु साडेतीन वर्षांचा होईस्तोवर गप्प होता, आता बँकेत दिवसभर तोंड चालवतो.” ते ऐकून आई हसायची, डोळे पुसायची आणि घरी जायची.

बहुतेक मुलं पुढे बोलायला लागायचीसुद्धा. त्यामुळे ताईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होऊन बसला होता. जी मुलं बोलली नाहीत, त्यांच्या आया पुन्हा फिरकल्या नाहीत आणि ताईंनीही कधी चौकशी केली नाही.

अशा बाईच्या घरात गेल्या वर्षी सुनेने तोंड उघडलं. अश्लेषा माहेरची ग्वाल्हेरच्याच दौलतगंजची, शांत, पण डोळे उघडे ठेवणारी. तिची मुलगी उन्नती तेव्हा वीस महिन्यांची होती.

“आई, हिला हाक मारली तर ही वळून बघत नाही. एकदा दाखवून येऊ का?”

ताईंनी तिला तेच औषध पाजलं, जे सगळ्या जगाला पाजत होत्या. वर हुकूम काढला, की पोरीचा गोंधळ नको, आजपासून हिच्याशी सगळ्यांनी फक्त हिंदीत बोलायचं. ग्वाल्हेरच्या माणसाला हिंदी काही परकी नाही. बाजारात, दुकानात, भांडणातसुद्धा तीच लागते. पण नातीला न्हाऊ घालताना हिंदी बोलायची म्हणजे जीभ पाहुण्यासारखी अवघडून बसायची. ताईंनी ते नेटाने केलं, अंगाईसुद्धा बंद केली. अश्लेषा गप्प बसली. सासूची एकतीस वर्षं आणि आपलं दीड वर्षाचं आईपण, कुठल्या तोंडाने वाद घालणार?

या जानेवारीत उन्नतीचं बोरन्हाण होतं. गच्चीवर सतरंजी घातली, आळीतल्या बायका आणि त्यांची मुलं जमली. उन्नतीला काळा फ्रॉक चढवला. हलव्याचा हार गळ्यात घालताच तिने असा टाहो फोडला की तो काढून ठेवावा लागला. ताईंनी तिला पाटावर बसवलं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतल्या. मुलं तुटून पडली. उन्नतीने दोन्ही कानांवर तळवे दाबले आणि डोळे मिटून घेतले.

गलका ओसरल्यावर तिने डोळे उघडले आणि पाटाच्या कडेने एकेक बोर रांगेत मांडायला घेतलं. कुणीतरी कौतुकाने म्हणालं, “किती शहाणी पोर! एकदासुद्धा भांडली नाही.” ताईंना बरं वाटलं.

तेवढ्यात गच्चीच्या कठड्यावर एक माकड येऊन बसलं. शेजारचा अपूर्व, जेमतेम दीड वर्षाचा, ‘बा’च्या पुढे ज्याची गाडी कधी गेली नाही, तो उठून उभा राहिला. त्याने माकडाकडे बोट केलं. मग वळून आईच्या तोंडाकडे पाहिलं, तिचं लक्ष आहे ना याची खात्री केली, आणि पुन्हा माकडाकडे बोट केलं.

ताईंनी हे आयुष्यात हजारदा पाहिलं असेल. त्याचा विचार करायची वेळ कधी आली नव्हती. आज आली. या पोराला ना मराठी येत होती ना हिंदी, पण ‘आई, ते बघ’ एवढं तो सांगून मोकळा झाला होता. बोट दाखवायला कुठली भाषा लागते?

आणि आपल्या उन्नतीने कधी बोट दाखवलं?

ताई आठवू लागल्या. पाणी हवं असलं की उन्नती त्यांचं मनगट धरायची, ओढत नेऊन माठावर ठेवायची. तोंडाकडे बघायची नाही. हात तेवढा हवा असायचा, आजी नाही. आणि हेच ताईंनी आळीभर मिरवलं होतं, की न बोलता काम करून घेते, लबाड आहे.

“उन्नती,” ताईंनी हाक मारली. “उन्नती, इधर देखो बेटा, बंदर.”

उन्नतीने पुढचं बोर रांगेत लावलं.

“उनू, सोन्या, बघ गं माकड.” हुकूम मोडून त्या मराठीत बोलल्या. गच्चीवरची सगळी मुलं कठड्याकडे धावली होती. उन्नतीची मान हलली नाही. हातात तिळगुळाचं ताट घेऊन उभी असलेली अश्लेषा मुलीकडे पाहतच नव्हती. ती सासूकडे पाहत होती.

ताईंच्या तोंडातून मात्र आलं ते नेहमीचंच. “दमली आहे पोर. चला, वाण घ्या सगळ्यांनी.”

पुढचे तीन दिवस ताई नातीच्या मागे होत्या. पदराआड तोंड लपवून ‘बुवा कुक’ केलं, उन्नती पदराच्या काठावरची नक्षी बघत राहिली. टाटा केला, हात उचलला गेला नाही. चेंडू घरंगळवला, तिने तो उचलून एका जागी फिरवत ठेवला. वर्षभरापूर्वी ही ‘दूद’ म्हणायची, ‘ये ये’ म्हणायची. ते शब्द कधी गेले? ताईंना सांगता येईना. दुसऱ्यांच्या पोरांची शिंक लक्षात ठेवणाऱ्या बाईला नातीचे हरवलेले शब्द आठवेनात. भीती वाटत होती आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. अश्लेषा स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं पाहत होती. ती विचारत नव्हती आणि ताई सांगत नव्हत्या.

रविवारी सकाळी पोह्यांच्या बशा वाढता वाढता अश्लेषा म्हणाली, “मी उद्या उन्नतीला दाखवायला नेतेय. सरकारी दवाखान्यात मुलांच्या विकासाचा वेगळा विभाग आहे. नंबर लावलाय.”

शंतनुने मोबाइल खाली ठेवला. “अगं पण आई सांगतेय ना. मी पण लेटच बोललो होतो. तू क्यों फालतू में टेन्शन ले रही है? लोक एकदा नाव चिकटवतात ना, मग निघत नाही. सहा महिने थांबू. काय गं आई?”

दोघंही ताईंकडे बघू लागली.

ताईंना कळत होतं, की एक शब्द पुरे आहे. ‘थांबा’ म्हटलं की शंतनु मोकळा श्वास घेईल, उद्याचा नंबर जाईल आणि त्यांचा मान जसाच्या तसा राहील. बशीतले पोहे गार होत चालले होते. खाली बसून उन्नती चमचे एकाला एक लावत होती.

“तू सव्वा वर्षाचा असताना बोलत होतास,” ताई म्हणाल्या.

“काय?”

“दोन वर्षांचा झालास तेव्हा तर चांगली वाक्यं बोलायचास. बालवर्गाच्या पहिल्याच वर्षी एक बाई माझ्यापुढे फार रडली. तिला धीर द्यायला मी तुझं नाव पुढे केलं. तिला बरं वाटलं. मग दुसरीला सांगितलं. सांगता सांगता मलाच खरं वाटायला लागलं रे.” त्यांनी सुनेकडे पाहिलं. “तुझं बरोबर होतं. मी चुकले. उद्या मी पण येते.”

अश्लेषाने ताईंच्या पुढची बशी उचलली.

“आई, त्या एका वाक्यावर मी वर्षभर बसून राहिले.” तिचा आवाज चढला नाही. ती बशी घेऊन आत गेली आणि नळ सोडून भांडी घासत राहिली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं ताईंना वाटलं.

दवाखान्यातली डॉक्टर वयाने शंतनुपेक्षा लहान असेल. ती तासभर फरशीवर बसून उन्नतीशी खेळली. खेळणी लपवली, फुगे उडवले, नावाने हाका मारल्या, आणि अधूनमधून प्रश्न विचारत राहिली. कानांची तपासणी लिहून दिली. मग म्हणाली, की एका भेटीत शिक्का मारता येत नाही, पण लक्षणं ऑटिझमची असू शकतात. पुढच्या तपासण्या होतील तेव्हा होतील, शिकवणं मात्र याच आठवड्यात सुरू करायचं. घरातल्या दोन भाषांमुळे असं होत नाही. ज्या भाषेत तुम्ही पोरीचे लाड करता, तीच बोला.

“सबसे पहले किसको लगा कि कुछ अलग है?” तिने कागदावर लिहिता लिहिता विचारलं.

शंतनुने मान खाली घातली.

“इसको,” ताई सुनेकडे बोट करून म्हणाल्या. “एक साल पहले. रोका मैंने.”

डॉक्टरने ते लिहून घेतलं. तिच्यासाठी ती एक नोंद होती. परत येताना रिक्षात अश्लेषाने उन्नतीला मांडीवर घेतलं आणि ती रस्त्याकडे बघत बसली. जयेंद्रगंज येईपर्यंत तिने सासूकडे एकदाही पाहिलं नाही, आणि ताईंनीही तशी अपेक्षा ठेवली नाही.

घरी येऊन ताईंनी बालवर्गाचं हजेरीपुस्तक काढलं. यंदा किती जणींना ‘थांबा’ म्हटलं ते बोटावर मोजलं. तीन निघाल्या.

बुधवारी वर्ग सुटल्यावर त्या पाटणकर बाजारात त्यांतल्या एकीकडे, निवेदिताकडे गेल्या. तिचा गुरुप्रसाद अडीच वर्षांचा. ताईंना दारात पाहून निवेदिता हरखली, तिने दोन कप चहा केला आणि त्यांच्या समोर बसली. गुरू खिडकीपाशी पाठमोरा होता, डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरवत होता.

“तुम्ही म्हटलं ना ताई, तेव्हापासून आम्ही एकदम बेफिकर आहोत,” निवेदिता म्हणाली. “आमचे हे ‘डॉक्टर, डॉक्टर’ करत होते. मी सांगून टाकलं, शंतनुदादा पण साडेतीन वर्षांचे होईस्तोवर बोलले नव्हते. बस, तेव्हापासून चूप आहेत.”

“शंतनु सव्वा वर्षाचा असताना बोलत होता,” ताई म्हणाल्या. “मी तुला खोटं सांगितलं. गुरूला दाखवून ये. मला घालूनपाडून बोलायचं असेल तर बोल, पण उद्याच जा.”

निवेदिताच्या तोंडावरचं हसू क्षणभर तसंच राहिलं. मग तिने कप खाली ठेवला आणि खिडकीकडे वळली.

“गुरू,” तिने हाक मारली. थोडं थांबून पुन्हा मारली.