दोन आयपीस आणि आईचा डोळा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगितलं की काहींना वाटतं, मिरवते. मिरवते तर मिरवते. लोहगडवाडीहून मळवली स्टेशनापर्यंत रोज चालत जाऊन मी बी.एस्सी. केलं. आता लोणावळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि तिथंच खोली घेऊन राहते. पगारातून हौसेखातर घेतलेली पहिली वस्तू म्हणजे दुर्बीण. माझ्या मैत्रिणींनी कानातलं केलं असतं.

दुर्बीण लहानच. ऐंशी मिलिमीटरचं भिंग, पिशवीत घालून खांद्याला अडकवता येते अशी. तिच्यातून एका डोळ्यानं बघायचं. दुसरा मिटून मिटून गाल दुखायला लागतो आणि ग्रहावरून आपल्याच डोळ्यातले तंतू तरंगत जातात. म्हणून मी पुण्यातल्या एका हौशी माणसाकडून जुना बायनोव्ह्यूअर घेतला. दुर्बिणीच्या मागच्या टोकाला बसवायची ती दोन नळ्यांची जोडी असते. आतले लोलक आलेला उजेड दोन वाटांनी दोन डोळ्यांना पाठवतात. दोन्हीकडे सारखे आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, बसवायचे, बसायचं आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायचं. लहान दुर्बिणीला तो सहजासहजी बसत नाही. लोलकांतून फिरताना उजेडाची वाट लांबते आणि फोकस येतच नाही. सुरुवातीला मी नुसता धुरकट गोळा बघत बसले होते. मग बार्लो नावाचं एक भिंग त्याच्या पुढं घातलं आणि गुरू लागला. दोन डोळ्यांनी बघितलेला गुरू टिकलीसारखा चपटा राहत नाही, गरगरीत होतो. पट्टे जागेवर थांबतात. मला वाटलं, हे आईला दाखवायलाच पाहिजे.

आईची गडाच्या वाटेवर टपरी आहे. ताक, लिंबू सरबत, चहा, सांगितलं तर पिठलं-भाकरी. शनिवारी शाळा सुटली की मी वाडीला यायची. गड चढणारे अंधार पडायच्या आत उतरतात, टपऱ्या आवरतात आणि अंगण मोकळं होतं. थंडीचे दिवस होते. गुरू संध्याकाळीच चांगला वर आलेला होता. मी अंगणात तिपाई मांडली तशी शेजारच्या टपरीवाली मावशी हसायला लागली.

"काय गं, पोरीचं लगीन करायचं सोडून तिला आभाळात काय शोधाया लावलंस?"

"शोधू दे की," आई म्हणाली. "तिकडला मिळाला तर मानपान तरी लागायचा न्हाई."

"काय दावतीया? शनी?"

"शनी नगं बाई. आपुन त्याला बघायचं आन् त्यो बी आपल्याला बघायचा."

"गुरू आहे," मी म्हणाले. "मावशी, तुम्ही या आधी."

मावशी स्टुलावर बसली, वाकली आणि ओरडली, "अगं बया, दोन हायत!"

सगळ्यांना आधी दोनच दिसतात. प्रत्येकाच्या दोन डोळ्यांमधलं अंतर वेगळं असतं, त्याप्रमाणं नळ्या जवळ किंवा लांब कराव्या लागतात. वर्गातल्या पोरांना दाखवताना मी तेच विचारते, दोन की एक? मावशीसाठी मी नळ्या हळूहळू जवळ घेत गेले आणि ती म्हणाली, "झाला बघ. झाला एक." मग पुष्कळ वेळ ती उठेचना.

तिच्यानंतर आई बसली. तिचा चेहरा बारीक, डोळे जवळजवळ. मी मुद्दाम नळ्या लांब केल्या, म्हणजे तिलाही ते दोनाचं एक होताना बघायला मिळेल.

"दोन की एक?"

"एक."

"नीट बघ. दोन्ही डोळे उघडे ठेव."

"उघडेच हायत."

मी बाजूनं बघितलं. डोळे उघडेच होते. डावा डोळा बरोबर आयपीसवर होता. उजवा मात्र आयपीसच्या आतल्या बाजूला, नुसता धातूकडं बघत राहिला होता. दोन डोळ्यांचं माणूस अशा वेळी डोकं हलवतं, कुरकुरतं, एका बाजूला काळं दिसतंय म्हणतं. ती काही म्हणत नव्हती. मी नळ्या जवळ आणल्या. "आता?" "एकच." आणखी जवळ, पार टेकेपर्यंत. "एकच हाय गं, किती येळा इचारशील?"

मी उजव्या आयपीसवर हात धरला.

"दिसतोय?"

"व्हय."

मग डाव्यावर धरला.

"आता इझला," आई म्हणाली. "ढग आला का?"

ढग नव्हता. मावशी तिथंच उभी होती म्हणून मी काही बोलले नाही. "आला होता, गेला," एवढंच म्हणाले.

मावशी घरी गेल्यावर चुलीपुढं बसून विचारलं. आईनं आधी उडवून लावलं, मग म्हणाली, "दोन दिवाळ्या झाल्या आसतील. आदी कडंनं धुकं आलं. मग सगळंच."

"सांगितलं का नाहीस?"

"दुखत न्हवतं. आन् काम तर कुटं आडलं?"

अडलं नव्हतं, कारण तिनं कामाची रीत बदलून टाकली होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. चहा ओतताना ती किटलीची चोच ग्लासाच्या काठाला टेकवायची, मगच ओतायची. एका डोळ्यानं ग्लास किती लांब आहे ते कळत नाही. मला वाटायचं, गिऱ्हाइकापुढं सांडू नये म्हणून जपते. सुट्टे पैसे ती हातात द्यायच्या ऐवजी फळीवर ठेवायची. तीही मला तिची टापटीप वाटायची.

खरं कारण तिनं भाकरी थापता थापता सांगितलं. वाडीत लग्न निघालं की हळदीच्या आधी घाणा भरतात. सवाष्णी मिळून मुसळ धरतात आणि त्या मुसळाला पहिला हात माझ्या आईचा. किती वर्षांपासूनचं आहे ते. गाणीही तीच उचलते. "काणी म्हनल्यावर कोन बोलवल मला?" ती म्हणाली. "शुभकार्यात चालत न्हाई ते."

मी चिडले. शिकलेलं सगळं तिला ऐकवलं. ती भाकरी उलटत राहिली. शेवटी म्हणाली, "तुझ्या पुस्तकात चालतंय. आपल्या वाडीत न्हाई चालत."

सोमवारी मी तिला तळेगावला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, सरळ बोलणाऱ्या. काचबिंदू. उजव्या डोळ्याची नस वाळली, ते आता परत येणार नाही. डाव्यालाही सुरुवात आहे. थेंब सकाळ-संध्याकाळ, चुकवायचे नाहीत, आणि दर काही महिन्यांनी तपासणी. राहिलंय तेवढं राखायचं, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

आई बाहेर आल्यावर म्हणाली, "म्हंजी येक तरी हाय म्हनायचं."

थेंबांची बाटली देव्हाऱ्यात राहायला लागली. दोन्ही वेळा वडील तिच्या डोळ्यात थेंब घालायचे, हात थरथरतो म्हणून तिच्या शिव्याही खायचे. देव्हाऱ्यात औषध कशाला हे येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारलं आणि गोष्ट वाडीभर झाली. त्या उन्हाळ्यात वरच्या आळीत लग्न होतं. घाण्याचं बोलावणं आईला आलं. साडीही मिळाली. मुसळाला पहिला हात मात्र मावशीनं लावला, आणि लावण्याआधी तिनं आईकडं बघितलं नाही. आईनं गाणं उचललं. आवाज तसाच खणखणीत होता. मी ओट्यावर उभी होते. त्या बायकांचा मला आजही राग आहे आणि तो जावा असं मला वाटत नाही.

पुढच्या थंडीत गुरू पुन्हा संध्याकाळी दिसायला लागला. या वेळी मी आईसाठी बायनोव्ह्यूअर काढून ठेवला. तो उजेडाची वाटणी करतो, अर्धा या डोळ्याला, अर्धा त्या. एका डोळ्याच्या माणसाचा अर्धा फुकट जातो. एकच आयपीस लावला, की सगळा उजेड तिच्या डाव्या डोळ्यात.

"माझ्यापायी काढलंस व्हय ते?" ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्यायचं."

"असं जास्त उजेडाचं दिसतं. बस."

ती बसली. मी शाल आणायला आत गेले, वडिलांशी दोन शब्द बोलले आणि परत आले. ती तशीच वाकलेली.

"दिसतोय?"

"व्हय. झ्याक दिसतोय. पट्टे बी हायत."

माझ्या दुर्बिणीला मोटर नाही. पृथ्वी फिरते तसा ग्रह सरकत सरकत मिनिटाभरात आयपीसच्या बाहेर जातो, हातानं परत आणावा लागतो. मी आत जाऊन आले होते. तिला जरा बाजूला करून बघितलं. आत काही नव्हतं, नुसतं काळं आभाळ.

"आई, गेलाय तो. रिकामंय आत."

"रिकामं हाय व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं माझंच."

मी गुरू परत आणला, बरोबर मधोमध. फोकस दोनदा तपासला. "आता बघ."

ती वाकली. बराच वेळ वाकून राहिली. टपरीवरचा पत्रा वाऱ्यानं वाजत होता.

"आता बी तसंच," ती म्हणाली. "उजेड हाय कायतरी. गोल न्हाई दिसत."

"पण गेल्या तपासणीला डॉक्टर बाई तर म्हणाल्या, डावा टिकून आहे. तू तक्त्यावरची अक्षरं वाचलीस ना तेव्हा?"

ती सरळ झाली. पदर सारखा केला.

"वाचली न्हाईत. माझ्याम्होरं येक बाई व्हती, ती मोठ्यानं वाचत व्हती. पाठच झालं." मग जरा हसून, "शाळंत आसतं जमलं तर मी बी झाली आसती मास्तरीण."

"आई, अगं पण कशाला?"

"तू रजा काढून आलीवतीस. वाटंत किती खूश व्हतीस, डावा ऱ्हाईला म्हनून." ती स्टुलावरून उठली आणि हातानं चाचपून शाल शोधली. "आता त्या डाक्टर बाईस्नी खरं सांग. मला न्हाई सांगता यायचं."

मी दुर्बिणीचा आयपीस काढून डबीत ठेवला, तिपाईचे पाय मिटवले आणि अंगणातूनच शाळेला सोमवारची रजा कळवली.